सहा मिलिमीटरचा खडा आणि चार आठवड्यांची मुदत : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ५४ वर्षांचे, लांब पल्ल्याच्या मालवाहू ट्रकचे चालक. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम आहे तसाच ठेवला आहे. पहाटे डाव्या कुशीत कळ उठली आणि बघता बघता जांघेपर्यंत उतरली. दोनदा उलटी झाली. अपघात विभागात आणलं तेव्हा ते झोपायला तयार नव्हते. खाटेचा कठडा दोन्ही हातांनी धरून वाकून उभे राहायचे, मध्येच दोन पावलं चालायचे, पुन्हा वाकायचे. पोटात संसर्ग पसरलेला रुग्ण निपचित पडून राहतो, कारण जरा हललं तरी दुखतं. मुतखड्याच्या कळेत माणूस एका जागी ठरत नाही. तपासण्यांच्या आधीच संशयाची दिशा त्यावरून मिळते.

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सुरू होती. मधुमेह नव्हता, पूर्वी कधी मुतखडा झालेला नव्हता. गाडीवर असताना पाणी कमी पिणं आणि लघवी धरून ठेवणं ही वर्षानुवर्षांची सवय. पत्नी सोबत होत्या. "खडा असेल म्हणून पहाटेपासून यांना पाणीच पाणी पाजतेय, पण दुखणं वाढतंच चाललंय," त्या म्हणाल्या.

ते वाढणं साहजिक होतं. खडा मूत्रनलिकेत अडकला की वर लघवी तुंबते आणि किडनीतला दाब वाढतो. त्या दाबामुळे किडनीत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती किडनीकडे येणारा रक्तप्रवाह वाढवतात, लघवी आणखी बनते, दाब आणखी चढतो. या चक्रात वरून भरपूर पाणी ओतलं तर खडा ढकलला जात नाही, कळ मात्र वाढू शकते. सलाईनचंही तेच. उलट्यांमुळे शरीर कोरडं पडलं असेल तेवढी भरपाई करावी. "खडा बाहेर फेकायला" म्हणून बाटल्या लावण्याचा फायदा दिसलेला नाही.

पहिला तास

पोटातला अल्सर, हृदयविकार, किडनीचा जुना आजार, औषधांची ॲलर्जी हे विचारून घेतलं आणि डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत दिलं. हे औषध प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतं, म्हणजे चक्राच्या मुळाशी जातं. कतारमध्ये १६०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्या तासात पुरेसा आराम पडलेल्यांचं प्रमाण डायक्लोफेनॅकच्या गटात मॉर्फिनच्या गटापेक्षा जास्त होतं. आमच्या रुग्णालाही साधारण तेवढ्याच वेळात खाटेवर बसता आलं.

मग तपासण्या. अंगात ताप नाही. लघवीत तांबड्या पेशी भरपूर, पण संसर्गाची खूण नाही. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.१. कमी किरणांच्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रनलिकेच्या खालच्या भागात, मूत्राशयाच्या थोडं वर, ६ मिलिमीटरचा खडा. त्याच्या वर नलिका फुगलेली आणि किडनीला सौम्य सूज. उजवी किडनी व्यवस्थित.

सोनोग्राफीवर भागलं नसतं का, असा प्रश्न इथे कुणी विचारेल. तरुण रुग्णात किंवा पूर्वी खडे झालेल्यात बरेचदा भागतं. पण पन्नाशीपुढच्या, रक्तदाब असलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा अशी कळ आली, तर पोटातल्या महाधमनीचा फुगा फुटतोय की काय ही शंका फेडून घेणं गरजेचं असतं. शिवाय नलिकेच्या मधल्या-खालच्या भागातला खडा सोनोग्राफीत आतड्यांतल्या हवेमुळे हुकतो. इथून पुढचा प्रत्येक निर्णय खडा किती मोठा आणि नेमका कुठे यावर बेतलेला होता, त्यामुळे तो आकडा पक्का हवाच होता.

प्रश्न काय होता

आधी एक वाट बंद करून टाकली. अडलेल्या किडनीत संसर्ग झाला असेल, दोन्ही बाजू अडल्या असतील, एकच किडनी असेल, क्रिएटिनिन चढत असेल किंवा औषधांनी कळ आणि उलट्या थांबत नसतील, तर गोळ्या देऊन वाट पाहायचा विचारच करायचा नसतो. त्यातही ताप आणि अडथळा एकत्र आले तर डीजे स्टेंट (मूत्रनलिकेत आतून ठेवायची बारीक नळी) घालून किंवा पाठीतून नळी टाकून तुंबलेली लघवी ताबडतोब मोकळी करतात, आणि खडा संसर्ग आटोक्यात आल्यावर काढतात. आमच्या रुग्णात यांपैकी काहीच नव्हतं. वाट पाहायला जागा होती. ती कशी पाहायची, किती दिवस, आणि गोळीची मदत घ्यायची का, हे ठरवायचं होतं.

कोणते पर्याय तोलले

नुसतं पेनकिलरवर थांबणं हा पहिला पर्याय, आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. नलिकेतले ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरच्या टप्प्यात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. खडा मूत्राशयाच्या जितका जवळ, तितकी आशा जास्त.

दुसरा पर्याय टॅम्सुलोसिन. मूळ औषध प्रोस्टेटच्या त्रासाचं. खड्यासाठी त्याचा वापर परवान्याच्या चौकटीबाहेरचा आहे, आणि हे रुग्णाला सांगावं लागतं. मूत्रनलिकेच्या खालच्या भागात अल्फा-१ रिसेप्टर, म्हणजे स्नायूला आवळण्याचा संदेश घेणारे बिंदू, दाट असतात. ते अडवले की नलिकेचा स्नायू सैलावतो, आचके कमी होतात आणि खड्याला सरकायला वाव मिळतो. कारणमीमांसा सरळ आहे. पुराव्याची गोष्ट मात्र सरळ नाही, आणि याच टप्प्यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद होतात.

ब्रिटनमधल्या २०१५ च्या चाचणीत अकराशेहून जास्त रुग्णांना टॅम्सुलोसिन, निफेडिपिन (रक्तदाबाचं एक औषध) किंवा तुलनेसाठी औषध नसलेली बनावट गोळी दिली. चार आठवड्यांत पुढचा उपचार न लागलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत ८० टक्क्यांच्या आसपास निघालं. निफेडिपिन त्यानंतर जवळजवळ मागे पडलं. अमेरिकेतल्या २०१८ च्या चाचणीत ५१२ रुग्ण होते. खडा पडल्याचं प्रमाण गोळीने ५० टक्के, बनावट गोळीने ४७. एवढं वाचून अनेकांनी टॅम्सुलोसिन लिहिणंच सोडलं.

पण या दोन्ही चाचण्यांत लहान खड्यांचे रुग्ण बहुसंख्य होते. जो खडा तसाही पडणार होता, त्यात गोळीचा गुण दिसणार कसा? ऑस्ट्रेलियातल्या २०१६ च्या चाचणीत एकूण फरक नगण्य होता. मात्र खालच्या नलिकेतल्या ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांपुरतं पाहिलं तर खडा पडल्याचं प्रमाण गोळीने ८३ टक्के, बनावट गोळीने ६१. चीनमध्ये ३००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही फायदा दिसला तो ५ मिलिमीटरहून मोठ्या खड्यांत : ८७ विरुद्ध ७५ टक्के. युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना खालच्या नलिकेतल्या ५ मिलिमीटरवरच्या खड्यांनाच अल्फा-ब्लॉकर, म्हणजे टॅम्सुलोसिनच्या गटातली औषधं, सुचवतात, त्याचं कारण हेच. माझंही मत तेच आहे. तीन मिलिमीटरच्या खड्याला ही गोळी देणं म्हणजे फायद्याशिवाय चक्कर पदरात घालणं. सहा मिलिमीटरच्या, खाली आलेल्या खड्याला ती नाकारणंही मला पटत नाही.

तिसरा पर्याय लगेच दुर्बिणीने खडा काढण्याचा. खालच्या नलिकेत या शस्त्रक्रियेचं यश फार चांगलं आहे आणि प्रश्न एका दिवसात मिटतो. बदल्यात भूल, नलिकेला इजा किंवा संसर्ग होण्याची थोडी शक्यता, आणि अनेकदा काही दिवस आत राहणारा स्टेंट. त्याची जळजळ, सारखी लघवीला लागणं, मग तो काढायला पुन्हा येणं. बाहेरून लहरींनी खडा फोडण्याचाही विचार झाला; पण एकाच बैठकीत काम होईल याची खात्री कमी, म्हणून तो मागे ठेवला.

खडा विरघळवण्याबद्दलही घरच्यांनी विचारलं. लघवीचं आम्ल कमी करून विरघळतात ते युरिक ॲसिडचे खडे. सीटीवर या खड्याची घनता बरीच जास्त होती, म्हणजे तो कॅल्शियमचा असण्याची शक्यता. तो विरघळणारा नव्हता.

गोळी लिहिण्याआधीचं बोलणं

या प्रकरणात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची होती ती ही वीस-पंचवीस मिनिटं.

पहिला विषय स्टिअरिंगचा. टॅम्सुलोसिनने, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, उठताना चक्कर येऊ शकते, आणि रुग्ण रक्तदाबाची गोळीही घेत होते. पण चक्करेपेक्षा मोठी भीती दुसरीच होती. खडा नलिकेत असेपर्यंत कळ कधीही उठू शकते, अगदी हमरस्त्यावरसुद्धा. गाडी बंद म्हणजे रोजगार बंद, आणि "चार आठवडे" हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. तेव्हा दुर्बिणीचा पर्याय मी पुन्हा समोर ठेवला. त्यांच्यासारख्या कामात पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया मागणारा रुग्ण अजिबात चुकीचा ठरत नाही. खड्याच्या आकाराइतकंच त्याच्या पोटापाण्याचं वजन निर्णयात पडायला हवं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि थांबायचं ठरवलं. भुलीची धास्ती होती, आणि मालकाने काही दिवस गोदामातलं काम देऊ केलं होतं.

दुसरा विषय डोळ्यांचा. पत्नी सहज म्हणाल्या, "यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय, पुढेमागे ऑपरेशन सांगितलंय." ही माहिती आपण विचारल्याशिवाय बहुधा पुढे येत नाही. टॅम्सुलोसिन घेतलेल्या रुग्णात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवेळी बुबुळाचा पडदा लुळा पडतो, बाहुली ऐनवेळी आकसते आणि गुंतागुंत वाढते. गोळी थांबवून बराच काळ लोटला तरी हा धोका पुरता जात नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असती, तर आम्ही गोळी सुरूच केली नसती. तारीख ठरलेली नव्हती. नेत्रतज्ज्ञांशी फोनवर बोललो. त्यांचं म्हणणं असं, की आधी कळलं असेल तर तयारीने शस्त्रक्रिया करता येते, अडचण होते ती न कळल्याने. रुग्णाच्या दोन्ही फायलींवर मोठ्या अक्षरांत नोंद केली आणि एक चिठ्ठी त्यांच्या पाकिटात ठेवायला दिली.

तिसरा विषय एकट्याने बोलायचा होता. पत्नींना बाहेर बसायला सांगून विचारलं, लैंगिक ताकदीच्या गोळ्या घेता का? सिल्डेनाफिलसारखी औषधं टॅम्सुलोसिनसोबत घेतली तर रक्तदाब धाडकन उतरू शकतो. घेत नव्हते. गोळी चालू असताना वीर्य बाहेर कमी येईल किंवा येणारच नाही, तो दोष तात्पुरता असतो, हेही सांगितलं. हे आधी सांगितलं नाही तर पुरुष रुग्ण चौथ्या दिवशी गोळी बंद करतो आणि कारण कुणाला सांगत नाही.

काय केलं

टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, रोज रात्री जेवणानंतर. कळ आली तरच डायक्लोफेनॅक, तेही थोडेच दिवस. अडलेली किडनी, टेल्मिसार्टन आणि हे पेनकिलर असं त्रिकूट फार काळ एकत्र ठेवणं किडनीला मानवत नाही. पाणी तहानेनुसार. अँटिबायोटिक नाही, कारण संसर्ग नव्हता. घरच्यांना ते जरा खटकलं. लघवी गाळायला गाळणी दिली. ताप, थंडी, न थांबणारी कळ, लघवी बंद होणं यांपैकी काहीही झालं तर रात्री-अपरात्रीसुद्धा थेट यायचं, हे दोघांनाही सांगितलं. तपासणीची तारीख दोन आठवड्यांनंतरची. एकूण मुदत चार आठवडे.

मधेच आलेलं वळण

नवव्या दिवसापासून दुखणं पूर्ण थांबलं. गाळणीत काही मिळालं नव्हतं, पण दोनतीनदा गाळणी न वापरता लघवी झाली होती, तेव्हाच खडा गेला असावा असं त्यांनी धरलं. गोळी बंद केली. गाडीवर परत जायची बोलणी सुरू झाली. दोन आठवड्यांच्या तपासणीला ते आले ते पत्नींनी धरून आणलं म्हणून.

"दुखत नाही म्हणजे पडलाच ना खडा?" हा त्यांचा प्रश्न.

सोनोग्राफी केली. मूत्राशय भरलेलं असल्याने या वेळी चित्र स्वच्छ होतं : खडा नलिकेच्या अगदी तोंडाशी, मूत्राशयाच्या भिंतीत बसलेला. वर किडनीला सौम्य सूज कायम.

कळ येते ती दाब झपाट्याने वाढल्यामुळे. खडा तिथेच असूनही लघवीला बाजूने थोडी वाट मिळाली, किंवा किडनीने कालांतराने त्या दाबाशी जुळवून घेतलं, की दुखणं थांबतं. दुसऱ्या प्रकारात किडनी आवाज न करता झिजत जाते. पूर्ण अडथळा दोनेक आठवड्यांपलीकडे टिकला तर काही नुकसान कायमचं राहू शकतं. काही महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सुजलेली, कामातून गेलेली किडनी सापडावी, अशी दुःखद गोष्ट दुसरी नाही. म्हणून खडा हातात आला किंवा तपासणीत गेलेला दिसला, तरच तो पडला असं धरायचं.

दुसरा निर्णय

आता पुन्हा तोलून पाहावं लागलं. खडा खाली सरकला होता ही जमेची बाजू. क्रिएटिनिन १.१ वरच होतं, लघवीत संसर्ग नव्हता, सूज वाढलेली नव्हती. विरुद्ध बाजूला दोन आठवडे संपले होते आणि रुग्णाचा धीर सुटत चालला होता. सूज वाढलेली असती किंवा क्रिएटिनिन चढलं असतं तर त्याच आठवड्यात दुर्बिणीने खडा काढला असता. तसं नसल्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत थांबायचं ठरलं, पण एक गोष्ट बदलून : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीख त्याच दिवशी नोंदवून टाकली. खडा पडला तर रद्द करायची. एवढ्याने रुग्णाला बरं वाटलं. अनिश्चित वाट पाहण्याला शेवट मिळाला. गोळी पुन्हा सुरू केली.

चौथ्या आठवड्यात, पहाटे लघवीला गेले असताना, किंचित जळजळ झाली आणि गाळणीत खडा वाजला. गडद तपकिरी, एका बाजूने खरखरीत. डबीत घालून ते स्वतः घेऊन आले.

निष्पत्ती

पुढच्या सोनोग्राफीत सूज ओसरलेली होती. शस्त्रक्रियेची तारीख रद्द झाली, गोळी बंद झाली, ते गाडीवर परतले. खड्याचं पृथक्करण : कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट.

गोळीमुळे खडा पडला का? एका रुग्णावरून हे सांगता येत नाही, आणि कुणी ठामपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ऑस्ट्रेलियातल्या त्याच चाचणीत बनावट गोळी घेणाऱ्या दहातल्या सहा जणांचेही एवढे खडे पडले होते. शिवाय आमच्या रुग्णाने मध्ये काही दिवस गोळी घेतलीच नव्हती. गोळीने शक्यता थोडी वाढवली असेल, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. किडनी सुरक्षित राहिली ती मात्र दोन आठवड्यांच्या तपासणीमुळे आणि बांधून घेतलेल्या मुदतीमुळे. तपासणी चुकली असती आणि खडा तिथेच अडून राहिला असता, तर टॅम्सुलोसिन चालू असूनही किडनी धोक्यात आली असती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर "चार आठवडे" लिहिलं होतं. दुखणं थांबलं तरी गोळी, गाळणी आणि तपासणी चालू ठेवायची, हे लिहिलेलं नव्हतं. तोंडी सांगितलं होतं, पण कळेतून नुकत्याच सुटलेल्या माणसाच्या लक्षात किती राहणार? आता ते वाक्य कागदावर सगळ्यात वर असतं.

दहाव्या दिवसाच्या सुमारास एक फोन झाला असता, तरी गोळीत खंड पडला नसता. बहुतेकांचं दुखणं याच सुमारास निवळतं आणि याच सुमारास रुग्ण हातातून निसटतात, त्यामुळे फोनची वेळ तीच धरावी.

शस्त्रक्रियेची तारीख पहिल्याच भेटीत राखून ठेवता आली असती. ज्याचं पोट हातावर आहे, त्याला "बघू" हा शब्द फार जड जातो.

मोतीबिंदूची माहिती योगायोगाने कळली. टॅम्सुलोसिन लिहिण्याआधी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेबद्दल, रक्तदाबाच्या आणि लैंगिक ताकदीच्या औषधांबद्दल विचारायचे प्रश्न आता केसपेपरवरच छापलेले आहेत, बाई असो वा पुरुष.

एका मुद्द्यावर आमच्यातच एकमत नाही. माझ्या एका सहकाऱ्यांच्या मते या रुग्णाला पहिल्याच दिवशी दुर्बीण द्यायला हवी होती : आकार सीमेवरचा, काम धोक्याचं, चार आठवड्यांचा रोजगार बुडाला. त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. हाच खडा नलिकेच्या वरच्या भागात असता, तर मीही तेच म्हणालो असतो, कारण तिथे गोळीच्या फायद्याचा पुरावा तोकडा आहे.

पुढचा खडा टाळण्यासाठीचं बोलणं शेवटच्या भेटीत झालं. दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, मीठ कमी, दूध-दही मात्र तोडायचं नाही. आहारातलं कॅल्शियम कमी केलं की ऑक्झलेट आतड्यातून जास्त शोषलं जातं आणि खड्याचा धोका वाढतो. चालकाला पाणी कमी पिण्याचं कारण असतं ते थांबे न मिळण्याचं, म्हणून नेहमीच्या मार्गावरचे थांबे त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घेतले आणि प्रत्येक थांब्याआधी किती पाणी प्यायचं ते त्याच्यापुढे मांडलं. सहा महिन्यांनंतरच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्या स्वच्छ होत्या. डोळ्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. चिठ्ठी पाकिटात आहे, हे त्यांनी त्या भेटीत काढून दाखवलं.